साक्ष आणि कल्पित : आरंभीच्या जगनकाशांचे संहिता म्हणून वाचन

१

जुन्या जगनकाशांकडे पाहण्याची एक रूढ पद्धत आहे. नकाशाचा जो भाग आजच्या भूगोलाशी जुळतो तो 'शोध' म्हणून वेगळा काढायचा आणि जो जुळत नाही तो 'कल्पना', 'अज्ञान' किंवा 'श्रद्धा' यांच्या खात्यावर मांडायचा. या हिशेबाने पाहिले की नकाशांचा इतिहास हा चुका क्रमाक्रमाने कमी होत गेल्याचा इतिहास ठरतो. भूगोलाच्या अभ्यासकाला ही पद्धत सोयीची वाटली तर त्यात नवल नाही. संहितेच्या अभ्यासकाला मात्र ती अडचणीत टाकते. नकाशात खऱ्या स्थळांसाठी एक शाई आणि कल्पित स्थळांसाठी दुसरी शाई, अशी व्यवस्था नसते. इ. स. १३०० च्या सुमारास तयार झालेल्या हियरफर्डच्या नकाशात पॅरिस आहे आणि पृथ्वीवरील नंदनवनही आहे. जेरुसलेम मध्यभागी आहे, पूर्व दिशा वर आहे आणि दक्षिणेच्या कडेने विचित्र देहांच्या मानवजातींची रांग आहे. ही सर्व चिन्हे एकाच चिन्हव्यवस्थेतील आहेत. त्यांतील निम्मी काढून घेतली तर उरलेल्यांचा अर्थही बदलतो.

म्हणून प्रश्न वेगळ्या रीतीने विचारला पाहिजे. नकाशाकर्त्याने जग स्वतः पाहिलेले नसते. त्याच्यापुढे असतात त्या साक्षी: प्राचीन ग्रंथांच्या, व्यापाऱ्यांच्या, खलाशांच्या, यात्रेकरूंच्या. त्यांतील कोणती साक्ष त्याने स्वीकारली, कोणती नाकारली, आणि हा निवाडा त्याने कोणत्या तत्त्वावर केला? हा प्रश्न मध्यवर्ती मानला की खरे आणि कल्पित यांची फाळणी पूर्वीइतकी सरळ राहत नाही. नकाशातील सत्य आणि नकाशातील कल्पित ही बहुधा एकाच निवाडापद्धतीची अपत्ये असतात, असे दिसू लागते. येथे विचारात घेतलेली उदाहरणे निरनिराळ्या काळांतील आहेत; परंतु या एका मुद्द्यापाशी ती एकत्र येतात.

२

आरंभ टॉलेमीपासून करणे भाग आहे. इ. स. १५० च्या सुमारास अलेक्झांड्रियात त्याने रचलेला भूगोलग्रंथ आठ भागांचा असून त्यात सुमारे आठ हजार स्थळांचे अक्षांश-रेखांश दिले आहेत. कोष्टकांच्या स्वरूपातील हा ग्रंथ शास्त्रीय वृत्तीचा नमुना मानला जातो आणि ते योग्यच आहे. मराठी इतिहासाभ्यासकाला तर तो विशेष जवळचा आहे. सातव्या भागात सोपारा आहे, कल्याण-चौलच्या किनाऱ्यावरील व्यापारी ठाणी आहेत आणि 'बैठण' म्हणजे पैठणही आहे. पैठण ही 'सिरो पोलेमायोस' या राजाची आणि उज्जयिनी ही 'तिआस्तेनेस'ची राजधानी असल्याचे टॉलेमी नोंदवतो. ही नावे अनुक्रमे सातवाहन पुळुमावी आणि क्षत्रप चष्टन यांची आहेत, असे अभ्यासकांनी ओळखले. त्या दोघांच्या समकालीनत्वाचा एक महत्त्वाचा आधार म्हणून ही नोंद आजवर वापरली जाते.

याच ग्रंथाच्या पहिल्या भागात टॉलेमी आपली पद्धत सांगतो. त्याच्यापूर्वीचा भूगोलकार मारिनस याने सिमिल्ला नावाचे व्यापारी ठाणे सिंधूच्या मुखांच्याही पश्चिमेला दाखवले होते. टॉलेमी हे अमान्य करतो. जे लोक तेथे जलमार्गाने गेले आणि दीर्घकाळ राहिले, त्यांच्या सांगण्यानुसार ते ठाणे नदीमुखांच्या दक्षिणेला आहे, आणि तेथील रहिवासी त्याला 'तिमुला' म्हणतात, असे तो नमूद करतो. हे सिमिल्ला म्हणजे सामान्यतः प्राचीन चेमूल, आजचे चौल, असे मानले जाते. ग्रंथप्रामाण्याविरुद्ध प्रत्यक्षदर्शीची साक्ष उभी करून निवाडा देण्याची ही कृती आहे. त्या निवाड्याच्या मुळाशी कोकणच्या एका बंदरात राहून आलेल्या अनाम व्यापाऱ्यांचे बोलणे आहे.

परंतु याच टॉलेमीच्या आकड्यांवरून नकाशा काढला तर भारताचे द्वीपकल्प जवळजवळ नाहीसे होते. सिंधूच्या मुखापासून निघालेला किनारा फारसा दक्षिणेला न वळता पूर्वेकडे जात राहतो. ताप्रोबाने, म्हणजे श्रीलंका, वास्तवाच्या कितीतरी पट मोठी होते. हिंदी महासागराला दक्षिणेकडून एक अज्ञात भूमी वेढते आणि आफ्रिकेला आशियाच्या पूर्व टोकाशी जोडून त्या महासागराचे सरोवर करून टाकते. हे सर्व दूर देशांविषयीच्या अज्ञानामुळे घडले, असे म्हणावे तर भूमध्य समुद्राचे काय करायचे? टॉलेमीला आणि त्याच्या वाचकांना सर्वांत परिचित असलेला हा समुद्र त्याच्या कोष्टकात पूर्व-पश्चिम सुमारे ६२ अंशांचा आहे. प्रत्यक्षात तो सुमारे ४२ अंशांचा आहे. इरॅटोस्थेनिसने पृथ्वीचा परीघ २,५२,००० स्टेडिया मानला होता. टॉलेमीने १,८०,००० स्टेडिया हा लहान परीघ स्वीकारला. त्यामुळे प्रवासाच्या दिवसांतून काढलेली तीच अंतरे त्याच्या जाळ्यात अधिक अंश व्यापू लागली.

येथे एक लक्षणीय उलटापालट दिसते. चौलचे स्थान आणि पैठणच्या राजाचे नाव ही माहिती ऐकीव साक्षीतून आली आणि ती खरी निघाली. भारताचा सपाट किनारा आणि भूमध्याची फुगलेली लांबी गणिती व्यवस्थेच्या बळावर उभी राहिली आणि ती कल्पित ठरली. म्हणजे ऐकीव गोष्ट कल्पिताची जननी आणि मोजमाप सत्याचे, ही आपल्याला अंगवळणी पडलेली समजूत टॉलेमीच्या बाबतीत टिकत नाही. अपूर्ण आणि विजातीय साक्षींना एका अखंड आकारात बसवण्याची गरज निर्माण झाली की आकार स्वतःच साक्ष देऊ लागतो. कोष्टकात बारा-पंधरा स्थळे असतील तर तेवढीच लिहिता येतात. नकाशात मात्र दोन स्थळांमधली रेघ ओढावीच लागते. त्या रेघेला साक्षीदार नसतो.

३

ही रेघ वेगळ्या रीतीने कशी ओढली गेली, हे १३७५ साली तयार झालेल्या कॅटलान अॅटलासमध्ये पाहता येते. मायोर्का बेटावरील क्रेस्केस अब्राहम या यहुदी नकाशाकाराच्या नावे ओळखली जाणारी ही कृती लवकरच फ्रान्सचा राजा पाचवा चार्ल्स याच्या ग्रंथसंग्रहात पोचली आणि आज पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. तिचा पश्चिमेकडील भाग खलाशांच्या बंदरनकाशांवर आधारलेला असून भूमध्याचा किनारा त्यात थक्क करणाऱ्या अचूकतेने उतरला आहे. पूर्वेकडे जावे तसतसे बंदरांची दाटी विरळ होते आणि तिची जागा चित्रे व मजकूर घेतात. सहारापलीकडे हातात सोन्याचा गोळा धरलेला मालीचा राजा मान्सा मुसा आहे. आशियात उंटांचा तांडा आहे, येशूच्या दर्शनाला निघालेले तीन राजे आहेत. ईशान्येच्या टोकाला अलेक्झांडरने कोंडून ठेवलेले गॉग आणि मेगॉग आहेत.

या अॅटलासचा अर्धा भाग 'आधुनिक' आणि अर्धा 'मध्ययुगीन', असे म्हणण्याचा मोह होतो. पण पूर्वेकडील याच भागात भारताचे द्वीपकल्प ओळखू येण्याजोग्या आकारात दाखवले आहे. ज्याला टॉलेमीचे गणित हाताशी नव्हते त्याने मार्को पोलो आणि व्यापाऱ्यांच्या वृत्तांतांवरून ते काढले. मान्सा मुसा हा खरा राजा होता. १३२४ साली त्याने केलेल्या हजयात्रेची वार्ता कैरोमार्गे भूमध्याच्या काठावर पसरली होती. गॉग-मेगॉग धर्मग्रंथातून आणि अलेक्झांडरकथांतून आले. क्रेस्केसच्या दृष्टीने या दोहोंत फरक असलाच तर तो साक्षीदारांच्या प्रतिष्ठेचा होता, आणि त्यात धर्मग्रंथ निश्चितच वरच्या पायरीवर होता. आज विश्वसनीय ठरलेली माहिती त्या काळात अधिक दुबळ्या साक्षीची होती, हे ध्यानात घेतले तर ती नकाशात घेण्यामागचे धाडस लक्षात येते.

४

साक्षींची ही उतरंड ज्या नकाशात स्वतःच चर्चेचा विषय होते, तो नकाशा फ्रा माउरोचा. व्हेनिसजवळच्या बेटावरील सान मिकेले मठात राहणाऱ्या, कामाल्डोली पंथाच्या या साधूने इ. स. १४५० च्या सुमारास तो सिद्ध केला. पोर्तुगालचा राजा पाचवा आफोन्सो याच्यासाठी केलेली प्रत १४५९ साली रवाना झाली, ती आज उपलब्ध नाही. व्हेनिसमध्ये राहिलेला नकाशा तेथील मार्चाना ग्रंथालयाच्या मालकीचा आहे. चर्मपत्रावर काढलेले हे वर्तुळ सुमारे दोन मीटर व्यासाचे असून त्यात दक्षिण दिशा वर आहे. त्यावर लॅटिनमध्ये नव्हे, तर व्हेनिसच्या बोलीत लिहिलेले जवळजवळ तीन हजार लहानमोठे लेख आहेत. पुष्कळ लेख केवळ नावे आहेत. पण बरेच लेख छोटे निबंधच म्हणावेत असे आहेत. नकाशा म्हणजे चित्र, ही कल्पना येथे अपुरी पडते. हे मूलतः भाष्य आहे. भारतीय भाष्यपरंपरेतील परिभाषा वापरायची तर त्यात टॉलेमी हा पूर्वपक्ष आहे.

टॉलेमीच्या ग्रंथाचे लॅटिन भाषांतर पंधराव्या शतकाच्या पहिल्या दशकात फ्लॉरेन्समध्ये झाले होते आणि विद्वानांमध्ये त्याला मोठे वजन आले होते. फ्रा माउरो त्याचा आदर करतो, पण त्याच्या अक्षांश-रेखांशांचे जाळे वापरत नाही, आणि त्याबद्दल नकाशावरच खुलासा करतो. त्या मापात बसवायचे तर टॉलेमीला ठाऊक नसलेले कितीतरी प्रांत गाळावे लागतील, आणि अनेक भागांबाबत आपल्याला माहिती नाही हे टॉलेमीनेच सांगितले आहे, असा त्याचा आशय आहे. हिंदी महासागराला भूमीने वेढलेले दाखवणे त्याला मान्य नाही. तो समुद्र मोकळा आहे, असे तो प्रतिपादन करतो. इथिओपियाविषयीचे तपशील तेथेच जन्मलेल्या आणि आपल्या हाताने प्रांत व नगरे रेखून दाखवणाऱ्या धर्मपुरुषांकडून मिळाले, हेही तो नोंदवतो. पूर्वेकडील नावांच्या बाबतीत निकोलो दे कोन्ती या व्हेनिसच्या व्यापाऱ्याच्या माहितीचा प्रभाव अभ्यासकांनी दाखवला आहे. कोन्तीने सुमारे पंचवीस वर्षे पूर्वेकडे घालवली होती, विजयनगर पाहिले होते, आणि त्याचा वृत्तांत पोज्जो ब्राच्चोलीनी याने लॅटिनमध्ये लिहून ठेवला होता.

विचित्र मानवजातींच्या बाबतीत फ्रा माउरोची भूमिका अधिक बोलकी आहे. आफ्रिकेतील अशा प्राण्यांविषयी व मानवांविषयी अनेकांनी लिहिले आहे, परंतु ज्याने ते निश्चितपणे सांगितले असा कोणीही आपल्याला भेटला नाही. म्हणून त्याविषयीचा शोध जिज्ञासूंवर सोडतो, असे तो म्हणतो. ते नसतात असे तो म्हणत नाही. साक्षीदार मिळाला नाही, एवढेच म्हणतो. नकाराची ही रीत नास्तिकाची नाही. ती दप्तर तपासणाऱ्याची आहे.

याच न्यायाने आफ्रिकेच्या दक्षिण टोकाजवळचा त्याचा प्रसिद्ध लेख वाचला पाहिजे. इ. स. १४२० च्या सुमारास हिंदुस्थानातील एक मोठे जहाज हिंदी महासागर ओलांडून 'दियाब' भूशिरापलीकडे गेले. पश्चिम आणि नैर्ऋत्य दिशांना चाळीस दिवस प्रवास करूनही त्यातील लोकांना हवा आणि पाणी यांखेरीज काही आढळले नाही, आणि परतीला त्यांना सत्तर दिवस लागले. परतताना किनाऱ्यावर उतरलेल्या खलाशांना एका पक्ष्याचे पिंपाएवढे अंडे दिसले, असेही तेथे लिहिले आहे. हा पक्षी म्हणजे अरबी कथांतील 'रुख', सिंदबादच्या सफरींत भेटणारा. जहाजाची वाट आणि रुखाचे अंडे ही दोन्ही एकाच लेखात, एकाच साक्षीवर उभी आहेत. समुद्र मोकळा असल्याचा निष्कर्ष बार्तोलोमेउ दियशने १४८८ साली आफ्रिकेचे टोक ओलांडले तेव्हा खरा ठरला. त्यामुळे नंतरच्या वाचकाने वाट उचलली आणि अंडे फोडून टाकले. ही कात्री अजूनही थांबलेली नाही. २००२ साली गॅव्हिन मेंझिस यांनी आपल्या बहुचर्चित पुस्तकात या लेखाचा उपयोग चिनी आरमाराच्या जगप्रदक्षिणेचा पुरावा म्हणून केला. इतिहासकारांनी तो सिद्धान्त फेटाळला. परंतु कात्री चालवण्याची रीत मात्र त्यांच्यापैकी अनेकांनाही परकी नाही. फ्रा माउरोला ही कात्री उपलब्ध नव्हती. खलाशावर विश्वास ठेवायचा तर तो पूर्ण ठेवावा लागत होता, आणि त्याने तो ठेवला म्हणूनच टॉलेमीचे सरोवर त्याला फोडता आले. रुखाचे अंडे ही मोकळ्या समुद्राच्या ज्ञानाची किंमत होती.

श्रद्धेच्या क्षेत्रातही त्याचा निवाडा सूक्ष्म आहे. त्याच्या नकाशात जेरुसलेम नेमके मध्यभागी येत नाही, कारण पूर्वेकडे आशिया खूपच विस्तारला आहे. फ्रा माउरो त्याचे समर्थन करतो: रिकाम्या जागेची लांबी मोजण्याऐवजी माणसांच्या वस्तीची दाटी पाहिली तर जेरुसलेम मध्यावरच ठरते. नंदनवनाला त्याने वर्तुळाबाहेर, चौकटीच्या कोपऱ्यात स्वतंत्र चित्रात जागा दिली. नंदनवन नाकारलेले नाही, पण त्याचा साक्षीदार खलाशी नसून धर्मग्रंथ आहे. म्हणून त्याचे स्थान नकाशाच्या आत नाही. साक्षीच्या प्रकारानुसार अवकाशाची विभागणी करणारी ही रचना हियरफर्डच्या नकाशापासून दीडशे वर्षांच्या अंतरावर आहे. तरीही हे अंतर श्रद्धेकडून विज्ञानाकडे झालेल्या प्रवासाचे म्हणता येणार नाही. निवाडा अधिक उघडपणे लिहिला जाऊ लागला, एवढेच त्यावरून म्हणता येते.

५

हा उघडपणा पुढे वाढत गेला असेल, अशी अपेक्षा करावी तर मुद्रणयुगातील जगनकाशे ती पूर्ण करत नाहीत. लोरेनमधील सँ-दिए येथे मार्टिन वाल्डझेम्युलर याने १५०७ साली बारा पत्र्यांचा जगनकाशा प्रसिद्ध केला. त्याच्या शिरोभागी टॉलेमी आणि अमेरिगो व्हेस्पुच्ची यांची चित्रे आहेत: एकाकडे जुने जग, दुसऱ्याकडे नवे. 'अमेरिका' हे नाव नकाशावर प्रथम येथे येते. या नावाचा आधार होता व्हेस्पुच्चीच्या नावाने छापले गेलेले चार सफरींचे पत्र. त्यातील १४९७ ची पहिली सफर झालीच नव्हती, असे अनेक अभ्यासक मानतात आणि पत्राच्या सध्याच्या रूपाच्या अस्सलपणाविषयीही शंका आहे. वाल्डझेम्युलरला पुढे स्वतःलाच शंका आली असावी. १५१६ च्या आपल्या सागरी नकाशातून त्याने ते नाव वगळले. परंतु फ्रा माउरोप्रमाणे कारण नकाशावर न लिहिता त्याने ते गाळले, आणि छापलेले नाव त्याच्या हाताबाहेर गेले होते. १५३८ साली मर्केटरने ते उत्तर व दक्षिण या दोन्ही खंडांना दिले. दोन खंडांचे नाव एका संशयास्पद संहितेवरून पडले आणि ते आज सर्वमान्य वास्तव आहे.

कॅलिफोर्नियाची कथा याहून अधिक वाङ्मयीन आहे. गार्सी रोद्रिगेस दे मोन्ताल्व्हो याच्या एस्प्लान्दियान या वीरपुत्राच्या अद्भुत कादंबरीत, जिची उपलब्ध असलेली सर्वांत जुनी आवृत्ती १५१० ची आहे, कॅलिफोर्निया नावाचे बेट येते. ते नंदनवनाजवळ आहे, तेथे केवळ कृष्णवर्णीय स्त्रिया राहतात, कालाफिया ही त्यांची राणी आहे आणि सोन्याखेरीज तेथे दुसरा धातू नाही. स्पॅनिश दर्यावर्दींनी मेक्सिकोच्या पश्चिमेकडील भूमीला हे नाव दिले. १५३९ साली फ्रान्सिस्को दे उल्योआ आखाताच्या टोकापर्यंत गेला आणि ही भूमी मुख्य भूमीला जोडलेली असल्याचे दिसून आले. मर्केटर (१५६९) आणि ऑर्टेलियस (१५७०) यांनी ती द्वीपकल्प म्हणूनच दाखवली. त्यानंतर, १६२० च्या दशकापासून, युरोपच्या नकाशांत कॅलिफोर्निया पुन्हा बेट झाले आणि शतकभर बेटच राहिले. येझुइट पाद्री किनो याने १७०१-०२ च्या सुमारास खुष्कीच्या मार्गाने जाऊन ते खोटे असल्याचे दाखवून दिले, तरी वाद शमला नाही. अखेर १७४७ साली स्पेनच्या राजाला ते बेट नसल्याचा हुकूम काढावा लागला. येथे ज्ञान मागे गेले आहे. चुका क्रमाने कमी होत जातात, या गृहीतकाला हे एक उदाहरणही पुरेसे बाधक आहे.

६

वैज्ञानिक सर्वेक्षणाच्या युगात तरी ही प्रक्रिया थांबली का, याचे उत्तर हिंदुस्थानाशी संबंध असलेल्या एका माणसाकडे आहे. बंगालचा पहिला सर्व्हेअर जनरल जेम्स रेनेल हा हिंदुस्थानच्या आपल्या नकाशामुळे इंग्लंडमधील अग्रगण्य भूगोलज्ञ ठरला होता. मंगो पार्कने नायजर नदीच्या प्रवासात दूरवर काही डोंगरमाथे पाहिल्याचे सांगितले. १७९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पार्कच्या प्रवासवर्णनाला जोडलेल्या नकाशात रेनेलने त्या माथ्यांची पश्चिम आफ्रिकाभर पसरलेली 'काँग' पर्वतरांग केली. नायजर पूर्वेकडे वाहत जाऊन आत जिरते, या त्याच्या मताला दक्षिणेला एक भिंत हवी होती. पुढे जवळजवळ नव्वद वर्षे ही रांग नकाशांत राहिली. फ्रेंच अधिकारी लुई-गुस्ताव बँजे प्रत्यक्ष तेथे जाऊन आला आणि १८८९ साली ती अस्तित्वात नसल्याचे त्याने जाहीर केले. टॉलेमीच्या सरोवराच्या काठासारखीच ही भिंत सिद्धान्ताला लागत होती म्हणून बांधली गेली.

जे. बी. हार्ली यांनी १९८९ साली नकाशा ही सत्तेच्या संदर्भात वाचण्याची संहिता आहे, असे मांडले आणि नकाशांच्या अभ्यासाला नवे वळण दिले. कॅलिफोर्नियाच्या हुकुमाला किंवा अमेरिकेच्या नावाला ही दृष्टी लागू पडते यात शंका नाही. मात्र केवळ सत्ताव्यवहारावर भर दिला तर फ्रा माउरोच्या तीन हजार लेखांतील सर्वांत मोलाची गोष्ट हातून निसटते. नकाशाकर्ता हा आधी वाचक असतो. त्याच्यापुढील साक्षी परस्परविरोधी असतात, आणि निवाडा करताना तो चुकू शकतो. त्याने कारणे लिहून ठेवली तर पुढचा वाचक त्याच्याशी वाद घालू शकतो. ती लिहिली नाहीत तर रेघ निर्विवाद वास्तव म्हणून उभी राहते. रेनेलची पर्वतरांग अशाच निर्विवाद रेघेने दाखवली गेली होती.

या विवेचनाचा संबंध आपल्या अभ्यासव्यवहाराशीही आहे. टॉलेमीची पैठणविषयक ओळ पुरावा म्हणून घेताना तिच्या भोवतीचा सपाट किनारा 'चूक' म्हणून वगळणे ही वर उल्लेखिलेली कात्रीच आहे. त्या ओळीचा पुरावा म्हणून त्याग करावा, असे यातून सुचवायचे नाही. ती ओळ एका व्यापाऱ्याच्या साक्षीतून, एका गणिती जाळ्यातून आणि एका विद्वानाच्या निवाड्यातून आपल्यापर्यंत आली आहे, एवढे तिच्यासोबत वाचले पाहिजे. टॉलेमीच्या आकड्यांनी जेथे बिंदू ठेवला तेथे पैठण नाही. ते गोदावरीकाठीच आहे, आणि त्याचे नाव अलेक्झांड्रियापर्यंत पोचवणारा माणूस कोणत्याही नकाशावर नाही.